आजी बाळ सांभाळणार आहे? मग आधी हे बोलून घ्या

मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. त्यातले आठ आठवड्यांपर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात, आणि बऱ्याच जणींना शेवटचे तीन-चार आठवडे घ्यावेच लागतात. म्हणजे कामावर परत हजर व्हायचं त्या दिवशी बाळ जेमतेम पाच-सव्वापाच महिन्यांचं असतं. पूर्णपणे अंगावर पिणारं, वरचं अन्न सुरू न झालेलं, रात्री दोनदा उठणारं. तोपर्यंत आजी आलेली असते. तिची बॅग आली, गोळ्यांचा डबा आला, देवघरातला बाळकृष्णही आला. फक्त तिने किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कोणकोणती कामं आणि किती वर्षं करायची, हे कुणी बोललेलं नसतं. "बघू, होईल सगळं" एवढ्यावर गाडी सुरू होते आणि बाळ आठ-नऊ महिन्यांचं होईस्तोवर घरात धुसफूस सुरू होते.

या धुसफुशीला सासू-सुनेचं भांडण म्हणायची आपल्याला सवय आहे. सांभाळणारी आजी आईकडची असेल तर "दोन पिढ्यांतला फरक" म्हणतात. मला हे पटत नाही. एक पूर्णवेळ काम एका बाईच्या अंगावर टाकलेलं असतं आणि त्याला वेळ नाही, सुट्टी नाही, बदली माणूस नाही, निर्णयाचा अधिकार नाही. दुसरी बाई दिवसभर ऑफिसात राबून घरी येते, तिला वाटतं आपलं बाळ आपल्या हातात राहिलं नाही, आणि वर उपकाराचं ओझं. दोघींचा जीव बाळात अडकलेला असतो, म्हणून दोघीही गप्प बसतात. ते गप्प बसणंच पुढे अंगावर येतं.

तासांपासून सुरुवात करू. आई सव्वाआठला घर सोडते आणि सव्वासातला परत येते. ठाणे-अंधेरी असो की कोथरूड-हिंजवडी, हे अकरा तास फारसे कमी होत नाहीत. पाच दिवसांचे झाले ५५. कारखान्यातल्या कामगाराला कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. आजी साठीच्या आसपासची, आणि यात "तुम्हाला सकाळी लवकर निघायचंय, बाळ माझ्याजवळच झोपू दे" म्हणून घेतलेल्या रात्री धरलेल्या नाहीत. आपल्याकडे आजी पन्नाशीतलीही असते. तिची पाळी नुकतीच गेलेली, झोप उडालेली, अंगात वाफा येतायत. राज्य सरकारी नोकरीत असेल तर ५८ व्या वर्षी निवृत्त होते आणि पुढच्याच महिन्यात बाळ हातात येतं. चाळीस वर्षं नोकरी आणि घर केलेल्या बाईला मध्ये चार महिनेही मोकळे मिळत नाहीत. मुलाने किंवा सुनेने हा हिशोब कागदावर मांडून आजीसमोर ठेवावा. आकडे दिसले की बोलणं सोपं होतं.

पहिला नियम: आजीकडे बाळ द्यायचं की स्वयंपाक, दोन्हींतलं एकच. सगळ्यात जास्त घरं इथे मोडतात. बाळ दुपारी दीड तास झोपतं. तेवढ्यात आजीने जेवायचं, पाठ टेकायची, गोळी घ्यायची. प्रत्यक्षात ती भाजी निवडते, कपडे वाळत घालते, संध्याकाळची कणीक मळून ठेवते. बाळ उठतं तेव्हा ती सकाळपेक्षा जास्त दमलेली असते. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी पोळी-भाजीवाल्या मावशी आणि धुण्याभांड्याची बाई यांच्यावर करा. त्यांचा पगार, खाडे, उशीर या गोष्टी आई-बाबांनी फोनवर सांभाळायच्या. मावशींशी वाद घालणं हेही आजीच्या अंगावर टाकलेलं कामच आहे.

रजा संपण्याआधीचे तीन आठवडे

अचानक सोमवारी आई गेली आणि आजीने बाटली पुढे केली, तर बाळ तोंड फिरवतं. दिवसभर रडतं, आजी घाबरते, दुपारी ऑफिसात फोन जातो आणि आई बाथरूममध्ये जाऊन रडते. हे टाळता येतं. पहिल्या आठवड्यात आई घरात असतानाच दिवसातलं एक दूध आणि एक झोप आजीकडे द्यायची, आणि त्या वेळी आईने दुसऱ्या खोलीत बसायचं. आईचा वास जवळ असेल तर बाळ वाटी-चमच्याला किंवा बाटलीला तोंड लावत नाही. दुसऱ्या आठवड्यात आई तीन-चार तास घराबाहेर. तिसऱ्या आठवड्यात दोन पूर्ण दिवस, ऑफिसच्या वेळेला निघून ऑफिसच्या वेळेला परत. या दोन दिवसांत काय-काय अडलं ते लिहून ठेवा.

दुधाचं माप बहुतेकांना माहीत नसतं. पूर्ण अंगावर पिणारं बाळ दिवसाला साधारण ७५० मिली दूध घेतं, म्हणजे तासाला पंचवीस-तीस मिली. दहा तासांसाठी २५० ते ३०० मिली ठेवावं लागतं. ते १५० मिलीच्या दोन मोठ्या बाटल्यांत ठेवू नका, ६० मिलीचे पाच भाग करा. बाळाने तोंड लावलेलं दूध दोन तासांत संपवायचं आणि उरलं तर टाकायचं असतं. आईचं दूध ओतून टाकणं आजीच्या जिवावर येतं, ती ते परत फ्रिजमध्ये ठेवते आणि तिथून वाद सुरू होतो. भाग लहान ठेवले की टाकायची वेळच कमी येते.

काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये ते ओट्यावर ठेवूच नये. फ्रिजमध्ये आतल्या बाजूला चार दिवस, दारात नाही. बाटलीवर तारीख आणि वेळ लिहायची, जुनं आधी वापरायचं. आणि एक गोष्ट आजीला आधीच दाखवून ठेवा: फ्रिजमधलं आईचं दूध थोड्या वेळाने दोन थरांत दिसतं, वर साय आणि खाली पातळ निळसर. आजीला वाटतं फाटलं. फाटलेलं नसतं. कोमट पाण्याच्या पातेल्यात बाटली धरून हलक्या हाताने गोल फिरवली की एक होतं. मायक्रोवेव्ह नको, त्यात दूध मधेच एका जागी उकळतं आणि बाळाचं तोंड भाजतं.

आईने ऑफिसात तीन तासांनी एकदा दूध काढायला हवं, नाहीतर गाठी होतात आणि दूधही आटत जातं. आणि घराकडे निघताना एक मेसेज: "दादर सोडलं." त्यानंतर बाळ भुकेने रडलं तर आजीने फक्त २०-३० मिली द्यायचं. नाहीतर आई दारात येते तेव्हा तिला पान्हा दाटलेला असतो, बाळ मात्र पोटभर पिऊन झोपलेलं. अशा संध्याकाळी आई चिडते ती आजीवर नाही, पण आजीला तसंच वाटतं.

सव्वासातची दहा मिनिटं

दिवसातली सगळ्यात नाजूक वेळ ही. आजी साडेपाचपासून दाराकडे डोळे लावून बसलेली असते. आई लोकलमधून किंवा ट्रॅफिकमधून घामाघूम होऊन येते. आजीचं पहिलं वाक्य: "आज काहीच जेवला नाही." आईला ऐकू येतं, तू घरी नव्हतीस म्हणून. आईचं पहिलं वाक्य: "याला टोपी का नाही घातली?" आजीला ऐकू येतं, तुम्हाला जमत नाही.

उपाय अगदी साधा आहे, पण रोज करावा लागतो. फ्रिजवर एक कागद आणि दोरीला बांधलेलं पेन. पाच रकाने: झोप, खाणं, शी, औषध, पडलं-लागलं. आजी दिवसभर दोन-दोन शब्द लिहिते. "९.४० ते १०.३० झोप. ११ अर्धी वाटी खिमट. ४ चार चमचे केळं." आईने आल्यावर हातपाय धुवायचे, बाळ घ्यायचं, कागद वाचायचा आणि मग बोलायचं. पहिला प्रश्न बाळाबद्दल नको, आजीबद्दल हवा: "तुम्ही जेवलात का वेळेवर?" पुढचा एक तास आजीचा. फिरायला जाऊ दे, भजनी मंडळात जाऊ दे, दार लावून मालिका बघू दे. त्या तासात तिला "जरा धरता का, मी कुकर लावते" म्हणायचं नाही. कुकर बाबाने लावायचा.

दिवसभर व्हॉट्सॲपवर "खाल्लं का? झोपला का? काय करतोय?" विचारू नका. दुपारी एकदा एक फोटो, ठरलेल्या वेळी. घरात कॅमेरा लावणार असाल तर आजीला आधी विचारून लावा, हॉल आणि मुख्य दार दिसेल एवढाच. तिच्या खोलीत नाही. आणि कॅमेऱ्यात बघून लगेच "आई, त्याच्या तोंडात काहीतरी आहे" असा फोन फक्त खऱ्या धोक्याला करायचा. बाकीच्या वेळी तसं केलंत तर तिचं स्वतःच्याच घरात वावरणं अवघड होतं.

कोणत्या गोष्टीवर कोणाचं चालेल

वाद कमी करायचे असतील तर गोष्टी वेगळ्या करून ठेवाव्या लागतात. काही गोष्टी डॉक्टरांच्या, तिथे ना आईचं चालत ना आजीचं. एक वर्षाच्या आत मध नाही, चाटणातही नाही, कारण त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे लहान बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. डोळ्यांत काजळ नाही, त्यात शिसं असू शकतं. झोप यावी म्हणून उगाळलेलं जायफळ नाही. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं चार-पाच वर्षांपर्यंत नाहीत. बाळाला झोपवायचं ते पाठीवर. बादलीत पाणी भरून ठेवायचं नाही. तळाशी दोन-चार इंच पाणीही रांगत्या बाळाला पुरतं.

आजीला हे सुनेने सांगितलं की टोचतं. "आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?" हा प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायला सून योग्य नाही. नवव्या महिन्याच्या लसीला आजीला बरोबर न्या. डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत तिला बसवा आणि तिचे प्रश्न तिलाच विचारू द्या. दिवसाचे अकरा तास बाळ तिच्याकडे असतं, त्यामुळे डॉक्टरांना उपयोगी माहितीही तिच्याचकडे असते.

दुसऱ्या गोष्टी, ज्याच्या हातात बाळ त्याच्या. कपडे कोणते, खिचडी मुगाची की तुरीची, झोप अर्धा तास इकडे-तिकडे, तेल कोणतं, गाणं कोणतं. यात आईने शब्द काढू नये. दृष्ट काढायची असेल तर आजीला काढू द्या. मोहरी-मीठ ओवाळून बाळाला काही होत नाही आणि आजीच्या मनाला उभारी येते.

राहिल्या त्या सगळ्यांनी बसून ठरवायच्या: बिस्किटं, मोबाइल, जावळ, प्लेग्रुप. यातला मोबाइल सगळ्यात अवघड. जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस आहे की एक वर्षाच्या आत स्क्रीन अजिबात नको, दुसऱ्या वर्षातही नको, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. पण आजी मोबाइल लावते ती संध्याकाळी पाच वाजता. तेव्हा तिचे पाय भरून आलेले असतात, बाळ कंटाळलेलं असतं आणि आई यायला अजून दोन तास असतात. मोबाइल काढून घ्यायचा असेल तर पाच ते साडेसहा बाळाला खाली बागेत न्यायला दुसरा माणूस द्या: आजोबा, पगारी मदतनीस किंवा शेजारच्या काकू. नुसती मनाई टिकत नाही.

खाण्याचंही तेच. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीनदा, सुरुवातीला दोन-तीन मोठे चमचे आणि हळूहळू अर्धी वाटी पुरते. नऊ ते अकरा महिन्यांत अर्धी वाटी तीन-चारदा. एक वर्षानंतर पाऊण ते एक वाटी. (वाटी म्हणजे पाव लिटरची, आमटीची छोटी नव्हे.) वरून अंगावरचं दूध असतंच. हे माप आजीला सांगितलं की वाटी घेऊन तासभर मागे धावणं बरंच कमी होतं. पंचवीस-तीस मिनिटांत जेवढं गेलं तेवढं, मग वाटी उचलायची.

औषधाची बाटली

हा भाग नीट वाचा, इथली चूक महागात पडते. पॅरासिटामॉलची लहान मुलांसाठी तीन वेगवेगळ्या ताकदींची औषधं मिळतात. ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिलिग्रॅम. साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५. जास्त ताकदीच्या सिरपमध्ये ५ मिलीत २५०. ड्रॉप्स साध्या सिरपच्या चौपट तीव्र आहेत. डॉक्टरांनी सिरप ५ मिली सांगितलेलं असेल आणि आजीने चष्मा नसताना ड्रॉप्सच ५ मिली दिले, तर १२० च्या जागी ५०० मिलिग्रॅम पोटात जातं. म्हणून घरात एका वेळी एकच ताकद ठेवायची. बाटलीबरोबर सुई नसलेली सिरिंज ठेवायची आणि ठरलेल्या मापावर रंगीत चिकटपट्टीची खूण करायची. डोस वजनावर असतो, सहसा किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास. वजन वाढलं की डॉक्टरांना विचारून खूण बदला. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी औषध नाही, थेट दवाखाना.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे आईने सकाळी सातला डोस दिला आणि घाईत सांगायचं राहिलं, आजीने नऊला परत दिला. फ्रिजवरच्या कागदावर वेळ लिहिल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडायचं नाही, हा नियम दोघींना.

आजीचं शरीर

जन्मताना तीन किलोचं बाळ वर्षाचं होईतो नऊ-दहा किलोचं होतं. काखेत अंगठे पसरून उचललं की मनगटात, अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊ लागते. आयांना आणि आज्यांना दोघींनाही हे होतं. एक तळहात ढुंगणाखाली, दुसरा पाठीमागे, असं ओंजळीत घेतल्यासारखं उचलायचं. गुडघे दुखणाऱ्या आजीला खाली बसून पायांवर अंघोळ घालायला लावू नका. टब स्टुलावर ठेवा, लंगोट-डायपर पलंगावर बदला. आजी खुर्चीत बसली की चालतं बाळ तिच्याकडे येतं, तिने वाकायचं कारण नाही.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर दुपारचं जेवण एकच्या पुढे जाता कामा नये. घरात एकटी, हातात बाळ आणि साखर उतरलेली, याहून धोक्याचा प्रसंग नाही. हात थरथरले, घाम फुटला की आधी बाळ पलंगावर नव्हे तर कठड्याच्या पाळण्यात किंवा जमिनीवर गादीवर ठेवायचं, मग साखर तोंडात टाकायची, मग फोन. फोन गळ्यातल्या पिशवीत हवा. शेजारी एक किल्ली हवी. १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर आजीच्या फोनमध्ये पहिल्या जागी. बाथरूमची आणि बाल्कनीची खालची कडी काढून टाका. दीड वर्षाचं मूल आजीला बाल्कनीत ठेवून आतून कडी लावतं, हे फार घरांत घडतं.

बाबा कुठे आहेत

२०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. माणसांची देखभाल करण्यात बायका १३४ मिनिटं, पुरुष ७६. सासू-सुनेत जो ताण दिसतो त्यातला मोठा वाटा या रिकाम्या जागेचा आहे. ती जागा दोन बायका भरतात आणि एकमेकींवर चिडतात. बाबाकडे "मदत" नको, ठरलेलं काम हवं: सकाळी साडेसहा ते आठ बाळ त्याचं, लसी आणि दवाखाना त्याचा, शनिवार सकाळ त्याची. बाळ आजारी पडलं तर पहिली रजा त्याची, दुसरी तिची, अशी आलटून-पालटून. आणि अवघड बोलणं ज्याची आई त्याने करायचं. सासूला काही सांगायचं असेल तर मुलाने, स्वतःचं म्हणून. "ती म्हणते" हे शब्द त्यात येता कामा नयेत.

पैशाचं बोलायला सगळेच लाजतात. "पगार" म्हटलं तर आजी दुखावते, काहीच दिलं नाही तर डायपर आणि फळं तिच्या पेन्शनमधून येऊ लागतात. दर महिन्याच्या एक तारखेला तिच्या खात्यात ठराविक हातखर्च जमा करा, तिने काय केलं ते विचारू नका. बाळाचा सगळा खर्च वेगळ्या पाकिटातून.

आजीची सुट्टी जूनमध्येच कॅलेंडरवर लिहा. गौरी-गणपती, पितृपक्ष, दिवाळी, मे महिन्यातली लग्नं ही आधीच माहीत असतात. आजोबा गावी एकटे असतील तर महिन्यातून चार दिवस ती तिकडे जाणार, हेही धरा. आजीला ओढून आणल्यावर आजोबांच्या जेवणाचे हाल होतात, आणि ती काळजी ती मनात घेऊन इथे बाळाला भरवत असते. या दिवसांसाठी पाळणाघराशी आधीच ओळख करून ठेवा, आठवड्यातून दोन सकाळी तरी बाळाला तिथे बसवा. एरवी न गेलेलं मूल ऐन गरजेला टिकत नाही. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणं कायद्याने बंधनकारक आहे. ऑफिसात लेखी विचारा, घराजवळच्या पाळणाघराची फी भरतील का, तेही विचारा.

आज्या "मला ताण आहे" असं म्हणत नाहीत. त्या म्हणतात जीव घाबरतो, डोकं भणभणतं, अंग मोडून येतं, कशात लक्ष लागत नाही. दोन आठवड्यांहून जास्त असं चाललं, झोप उडाली, रडू येतं, देवपूजाही सुटली, तर रक्तदाबाबरोबर मनाचीही तपासणी करा. आईलाही हेच लागू आहे. बाळंतपणानंतरचं नैराश्य पहिल्या वर्षात कधीही येऊ शकतं, आणि कामावर परतल्यावरचे आठवडे त्यासाठी नाजूकच असतात. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठी १४५६७.

शेवटचं ठरवायचं ते मुदतीचं. "तो मोठा होईपर्यंत" ही मुदत होत नाही. तीन वर्षांचा होऊन बालवाडीत जाईपर्यंत, असं म्हणा, आणि दर तीन महिन्यांनी आई, बाबा, आजी आणि असतील तर आजोबा यांनी बाळ झोपल्यावर अर्धा तास बसा. प्रत्येकाने दोनच गोष्टी सांगायच्या: काय नीट चाललंय आणि काय झेपत नाही. आजीला मधेच थांबायचं असेल तर तिने दोन महिने आधी सांगावं, आणि तिने तसं सांगितलं की त्या दिवशी तिला कारण विचारू नये. दुसऱ्या दिवसापासून बाबाने पाळणाघरं बघायला लागावं.